नमुना क्रमांक दोनशे बारा

पिशवी जुन्या लुगड्याच्या तुकड्याची, हातानं शिवलेली.
आत अर्धा किलो माती आणि चिठ्ठी:
विश्वंभर अढाऊ, टाकळी, गट नंबर एकोणनव्वद,
खोली एक वीत, पीक हरभरा.
पाठवणाऱ्याचं इथल्या कुणाशी नातं,
असा रकाना फॉर्मात नाही.
लुगडं मी ओळखलं.

लाकडी हातोड्यानं ढेकळं फोडली.
आमच्याकडची ढेकळं,
सुकली की दगडाला भारी,
भिजली की माणूस सोडून चप्पल ठेवून घेणारी.
चाळणीवर उरलं ते फेकायचं असतं:
मुळ्या, चुनखडीचे खडे,
एक टिचबटण, पितळी, हिरवं पडलेलं.

चैत्रात वावर उलायचं.
भेगेत तुराटी सोडायचो आम्ही दोघं,
तुराटी संपायची, भेग संपत नसे.
"कुसमे, हात नको घालू, इचू असते,"
म्हणत तोच पालथा पडून
खांद्यापर्यंत आत.
बटण तेव्हा गेलं असेल.
नसेलही. टिचबटणं तेव्हा गावभर होती.

ही माती स्वतःच स्वतःला नांगरते.
उन्हाळ्यात वरचं पोटात घेते,
ओल लागली की फुगते, कूस बदलते,
आणि कधीतरी, कुणी मागितलेलं नसताना,
खालचं वर आणून ठेवते.

उंच नळकांड्यात घोळली.
वाळू होती चिमूटभर, लगेच तळाला.
गाळ संध्याकाळपर्यंत बसला.
चिकणमाती दुसऱ्या सकाळीही अधांतरी,
पाणी गढूळ धरून.

तिचा कण म्हणजे पोथीची पानं,
पानावर पान, आणि पानापानावर उणेपणा.
चुना, पालाश, मीठ,
जे अधिक असेल ते त्या उण्याला बिलगतं.
चमचाभर मातीचे सगळे पदर उलगडले
तर अर्धा एकर झाकेल म्हणतात.
अर्धा एकर.
हक्कसोडपत्रात माझ्या नावापुढं तेवढंच होतं,
आणि मी सही केली नव्हती.

शाळेच्या पोरी बघायला येतात तेव्हा
काळ्या मातीच्या नळीत मी
तोंड आल्यावर लावायचं जांभळं औषध ओतते.
खालून पाणी निघतं नितळ.
लाल शाई ओतते, लालच निघते.
"काऊन मॅडम?"
"जे तिले उणं आहे ते ठेवते, बाकीचं जाऊ देते."
पोरी वहीत लिहून घेतात. मागच्या बाकावरची
जांभळं झालेलं बोट लपवते.

धरलेलं ती सोडते, पण फुकट नाही.
त्या जागी ठेवायला काही द्यावं लागतं.
मी अमोनियमचं द्रावण दिलं,
बाटली अर्धा तास हलत राहिली,
निथळलं ते ज्योतीवर धरलं.
ज्योत पिवळीजर्द.
मीठ.
आमच्या विहिरीचं, कधीच न शिजलेल्या डाळीचं,
पूर्णेकाठच्या सगळ्या खारपाणाचं,
इतकी वर्षं कुणी मोबदला दिला नाही
म्हणून तिथंच बसलेलं.

अहवाल टाइप केला. सात वर्षांत
त्या पत्त्यावर माझ्याकडून गेलेला पहिला कागद.
श्री. विश्वंभर अढाऊ यांस,
सामू आठ पूर्णांक सात. पालाश भरपूर.
सोडियम जास्त. जिप्सम टाकावं.
एका हाताचं मीठ उठवायला
दोन हातांचा चुना लागतो, हे छापील नमुन्यात नसतं.
खाली जागा होती तिथं पेनानं लिहिलं:
मीठ सुटेल, पण सुटलेलं वावरातच साचलं
तर पुन्हा चिकटेल.
उताराच्या धुऱ्याकडून चर काढ.

'काढावा' हवं होतं.
साहेबांची सही झाली होती, तसंच जाऊ दिलं.

उरलेली माती सहा महिने जपायचा नियम आहे.
बटण तिच्यातच टाकून
पिशवीचं तोंड बांधलं.